ट्रेलरच्या पोटाचा पत्रा

मी ट्रेलरखाली उताणा पडलो होतो. नाकापासून वीतभर वर फाटका पत्रा लोंबत होता. हातात वेल्डिंगची टॉर्च, अजून न पेटवलेली.

दुष्काळाचं साल होतं. बोअर घेणारी एक टीम कर्जतच्या बाजूला फिरत होती. त्यांना राहायला परदेशी बनावटीचा ट्रेलर होता. म्हणजे ट्रकमागे ओढायची चाकांवरची खोलीच. झोपायला बाकं, स्वयंपाकाला गॅसची शेगडी. वाटेत दगड लागून तिचं पोट फाटलं होतं. अशा गाडीला फरशीखाली पातळ पत्रा असतो आणि आत धूळ, ऊन अडवायला कापसासारखं अस्तर भरलेलं असतं. पत्रा धरणारी लोखंडी पट्टीही मोडली होती. ती जोडायला मला नगरहून बोलावलं होतं.

टीमचे इंजिनीअर देशपांडे साहेब घाईत होते. "मिस्त्री, तासाभरात हवाय. पुढच्या गावात प्यायला पाणी नाही."

"पत्रा उतरवून आत बघावं लागेल, साहेब."

"बघण्यात वेळ घालवू नका. पट्टी जोडा, पत्रा ठोका."

मी मान डोलावली. चूक माझीही होती.

खाली शिरल्यापासून वास येत होता. आमचा वेल्डिंगचा गॅस कार्बाईडपासून होतो, त्याचा उग्र वास कपड्यांतच मुरलेला असतो. म्हणून मी सोडून दिलं. मग बोटाने अस्तर जरा वर ढकललं, आणि वासाचा लोट तोंडावर आला. कार्बाईडचा नव्हता. शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की खाली बसतो. तो माझ्यावरच्या अस्तरात साठून राहिला होता.

तेवढ्यात वर पावलं वाजली, भांडं वाजलं. स्वयंपाकी रंगनाथमामा आत होते.

"मामा, काडी ओढू नका!"

बोअरचा कॉम्प्रेसर धडधडत होता. माझंच मला ऐकू येईना. पत्र्यावर पान्हा मारावा, तर ठिणगी उडायची. टॉर्च हळूच मातीत ठेवली आणि पाठीवर सरकत निघालो. सदरा फाटक्या पत्र्यात अडकला. ओढून फाडला. ते चार हात अंतर मला संपेना.

बाहेर निघून ट्रेलरचं दार उघडलं. मामा शेगडीपुढे उभे, काडी पेटीला टेकवलेली. मी त्यांचं मनगट धरलं.

"आवं मिस्त्री, तुमच्यासाठीच च्या टाकतोय. काय झालं?"

"गॅस," एवढंच निघालं.

मामांनी काडी काचेची असल्यासारखी पेटीत परत ठेवली. मग म्हणाले, "वास मलाबी येत हुता. म्हनलं, तुमच्या कामाचा असंल."

सिलिंडर बंद केला. माणसं लांब नेली, कॉम्प्रेसर थांबवला. दारं-खिडक्या उघड्या टाकून बराच वेळ वाऱ्यावर सोडलं. मग स्क्रू हाताने काढून पत्रा उतरवला. फरशीखालून जाणारी गॅसची तांब्याची नळी त्याच दगडाने चेपून चिरली होती. नळी काढूनच टाकली. पट्टी वेल्ड न करता बोल्टने बसवली, पत्रा रिव्हेटने.

दिवस कलला होता. साहेबांनी विचारलं, "आता निघू का?"

"निघा."

आठवडाभर मामांनी तीन दगडांवर स्वयंपाक केला. पुढच्या गावात पाणी लागल्याचं नंतर कळलं.

तेव्हापासून गाडीखाली शिरण्याआधी मी आतल्या सगळ्यांना खाली उतरवतो. काही जण चिडतात. चिडू देत.