आत्याची कुंची

भावाला मुलगा झाला आणि बारशाची कुंची आत्यानंच शिवायची, असं आईनं मला फोनवरच ठणकावलं. विकतची नेली असती तर सगळ्यांनी नाकं मुरडली असती. नवऱ्यानं मागे आणून ठेवलेलं जांभळं-पिवळं सुती कापड घरात होतंच. त्याची कुंची शिवली, खाली झालर लावली आणि स्वतःवरच खूश होऊन मी माहेरी, शिवाजी पेठेत गेले.

बाळाला कुंची घातली आणि भाऊ ओरडलाच, "आक्का, हे त्येंचं रंग हायत की!"

त्येंचं म्हणजे माझ्या सासरच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे; आमच्या गावात पेठेपेठेतल्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. गेल्याच आठवड्यात त्या संघानं माहेरच्या तालमीच्या संघाला हरवलं होतं. पाळणा म्हणायला जमलेल्या बायका राहिल्या बाजूला, पुरुषच पुढं घुसले. एक म्हणाला काढा, दुसरा म्हणाला वरून शाल टाका.

माझं डोकंच फिरलं. "मान मोडून शिवलीय मी. कुणी हात लावून बघाच!"

तेवढ्यात बाळानं शू केली. कुंची पार झालरीपर्यंत भिजली.

भावानं त्याला तसंच ओलं उचललं आणि छातीशी धरलं. "पोरगं आपल्याच तालमीचं हाय!"