माझ्या काकांना पंक्चर म्हणू नका

आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या जुन्या मालिकांना ऊत आलाय. उजनीच्या पाण्याकाठचं आमचं गाव सोडून कुणी पुण्याला गेलं, कुणी माझ्यासारखं सोलापुरात नोकरीला लागलं, आणि गाव सोडलेल्यांनाच गावाचा उमाळा जास्त. सकाळी उठावं तर एखाद्या गावरान विनोदी मालिकेचा तुकडा येऊन पडलेला. खाली सगळ्यांचे उसासे. ‘काय निर्मळ विनोद होता!’ ‘काय साधी माणसं होती!’

निर्मळ म्हणे. मला विचारा.

त्यातल्या एका मालिकेत सायकलच्या दुकानात बसणारा एक तोतरा माणूस होता. पंक्चर काढतो म्हणून मालिकेतले सगळे त्याला पंक्चर म्हणायचे. माझे धाकटे काकाही लहानपणापासून तोतरे. पहिला भाग संपायच्या आत आमच्याच ओसरीत कुणीतरी ‘ए पंक्चर’ अशी त्यांना हाक मारली आणि ती गोचिडासारखी चिकटली ती चिकटलीच. काकांचं लग्न झालं, केळीची बाग उभी राहिली, नातवंडं झाली, हाक तीच. त्यांच्या लग्नाची पत्रिका वाटली तेव्हा ‘हा नवरदेव कोण?’ असं गावातल्याच माणसांनी विचारलं होतं.

आमच्या गल्लीत टीव्ही एकट्या आमच्याकडे. मालिका लागली की अख्खी गल्ली ओसरीत, आणि काका अँटेना धरायला माळवदावर. मालिका संपेपर्यंत ते खाली उतरायचे नाहीत. परवा ग्रुपवर एकानं लिहिलं, ‘पंक्चर अँटेना धरून उभा राहायचा म्हणून आपण हसलो. केवढी सेवा!’ अरे, सेवा कसली बोडक्याची? ते खाली बसले की पडद्यावरचा तोतरा बोलायला लागल्याबरोबर सगळ्या माना त्यांच्याकडे वळायच्या. मग माणूस छपरावर जाणार नाही तर कुठं जाणार? तिथंही हसण्याचा आवाज पोचत असणारच.

ग्रुपवाले एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसले असते. पण यंदाच्या जत्रेत म्हणे ‘आठवणींची संध्याकाळ’ करायची, आणि काकांना स्टेजवर बोलावून त्या पंक्चरचे डायलॉग म्हणायला लावायचे. वर शाल आणि नारळ देणार. मी लिहिलं, ‘चारचौघांत लाजवायला शाल कशाला लागते?’ लगेच उत्तर आलं, ‘ताई, विनोद विनोदासारखा घ्या.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी सकाळीच मी टेंभुर्णीची एसटी धरली आणि तिथून गाव गाठलं.

काका खाटेवर बसून मोबाईलमध्ये काहीतरी बघत होते. सुनेनं तीच मालिका लावून दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा अख्खा भाग बघत होते ते.

“काका, तुमी जायचं न्हाय त्या कार्यक्रमाला,” चपला काढता काढताच मी म्हणाले.

“ज... जानार की.” त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. “ह्यो मानूस ब... बरा हाय गं. लई दिलदार. ह्यो बोलाय लागला की समदी गप बसून ऐकत्यात. मालिकंत त्याला क... कुनीच हसत न्हाय.”

मी शेजारी बसून तो भाग पाहिला. खरंच कुणी हसत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या मालिकेला शिव्या घालत आले, आणि तिचा दोषच नव्हता. हसलो होतो ते आपलं आपण, आमच्या ओसरीत बसून. हे कळल्यावर राग निवायला हवा होता, पण तो दुप्पट झाला. मालिकेवर रागवून बटण बंद करता येतं. गावाचं काय बंद करणार?

जत्रेच्या संध्याकाळी मीही गेले, पहिल्या रांगेत बसले. निवेदकानं “आपला लाडका पंक्चर!” असं ओरडून त्यांना बोलावलं. शिट्ट्या झाल्या. काका पांढरी टोपी नीट करत चढले, माईक हातात घेतला.

“न... नमस्कार. माजं न... नाव...” आणि गाडी अडली. पहिलं अक्षर काही केल्या बाहेर येईना. मान ताणली गेली, डोळे मिटले गेले.

“अहो काका, नाव राहू द्या, डायलॉग टाका!” माझ्या मागून, पुण्याहून आलेला आमच्याच गल्लीतला एक जण ओरडला. मंडपात हशा पिकला. मी तिरमिरीत उठलेच, पण काकांनी हातानं मला खाली बसायची खूण केली.

“म... मालिकंला अर्धा तास बसत हुता न्हवं?” ते त्या माणसाकडं बघत म्हणाले. “मग माज्या न... नावाला थांबा की जरा.”

मग त्यांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट. बराच वेळ लागला. मंडपातल्या निम्म्या लोकांनी ते पहिल्यांदाच ऐकलं.