डिक्शनरीकाकांचा शब्द

आमच्या शाळेच्या हेडक्लार्कना पोरं डिक्शनरी म्हणायची आणि आम्ही ऑफिसातले डिक्शनरीकाका. शाळा सोडणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. बाकीच्या शाळांत तिथे डोळे मिटून 'गुड' मारतात. काकांना ते पटायचं नाही. "दहा वर्षं पोरगं डोळ्यांसमोर वाढलं आणि त्याला स्वतःचा एक शब्द नाही? मग आपण काय इथे हमाली करतो?" असं म्हणून ते प्रत्येकाला एकेक इंग्रजी शब्द शोधून द्यायचे. कुणी 'स्टेडी', कुणी 'जॉली', कुणी 'प्रॉमिसिंग'. 'टीनएजर', 'यंगस्टर' असले घाऊक शब्द त्यांना चालायचे नाहीत. ते वयाचे शब्द झाले, माणसाचा कुठाय, असं विचारायचे. उठसूट डोक्यात राख घालणाऱ्या एका पोराला त्यांनी 'स्पिरिटेड', म्हणजे तडफदार, दिला होता. पुढे तो लग्नाची पत्रिका घेऊन आला आणि म्हणाला, काका, तुमच्या शब्दाने मी सुधारलो. सुधारला कसला, पण काकांचे डोळे भरून आले.

मीही त्याच शाळेची. माझा शब्द 'डोसाइल'. घरी जाऊन अर्थ पाहिला, तर सांगितलेलं निमूट ऐकणारी. म्हणजे गरीब गाय. काकांनी तो कौतुकानेच दिला असणार, कारण पुढे टायपिस्ट म्हणून मला तिथे चिकटवलंही त्यांनीच. पण तो शब्द मला सलत राहिला आणि ते मी कुणाजवळ बोलले नाही.

मी चोवीस वर्षांची असताना काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेही नेमकं दाखल्यांच्या दिवसांत. मग मी रोज दुपारी रजिस्टर घेऊन त्यांच्या घरी जायचे. ते डोळ्याला पट्टी बांधून खाटेवर पडलेले असायचे. मी नाव वाचायचे, ते पुटपुटत दोन-तीन शब्द घोळवून बघायचे आणि मग एक सांगायचे.

एका प्लंबरच्या मुलीचं नाव आलं तेव्हा मात्र ते थांबले नाहीत. "प्लकी," म्हणाले आणि एकटेच हसले. ही पोरगी आठवीत असताना पहिलीतली एक चिमुरडी बाथरूममध्ये अडकली होती. शिक्षक दार बडवत बसले आणि ही झरोक्यातून आत उतरून कडी काढून तिला घेऊन आली. "लिही, प्लकी. धीट. शंभरात एखादंच निघतं असं."

मी कच्च्या कागदावर लिहून घेतलं. पण माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? त्याच आठवड्यात ती ऑफिसच्या खिडकीशी येऊन मला म्हणाली होती, "ताई, बोनाफाइडवर जन्मतारीख परत चुकलीय." माझ्या हातून तिसऱ्यांदा चुकली होती, खरंच. रांगेतले सगळे हसले. ती मात्र अगदी नम्रपणे बोलली, त्याचाच मला जास्त राग आला. म्हणजे मी गरीब गाय आणि ही वाघीण. ऑफिसात आले, मशीनवर कागद चढवला आणि तिच्या रकान्यात 'वेवर्ड' टाइप केलं. वाह्यात, हाताबाहेर गेलेली. कच्चा कागद चुरगळून टोपलीत टाकला. मुख्याध्यापकांनी गठ्ठ्यातल्या बाकीच्या दाखल्यांसारखी त्यावरही न वाचता सही ठोकली. फाडून दुसरा करायला मला पाच मिनिटं लागली असती, पण मी केला नाही.

पंधरा दिवसांनी प्लंबर खांद्याला हत्यारांची पिशवी तशीच ठेवून ऑफिसात आला. मागे ती. नर्सिंगच्या शाळेत तिची जागा जवळजवळ पक्की होती, पण दाखला पाहून तिथल्या बाईंनी कागद परत केले. असल्या मुलीच्या हाती आम्ही पेशंट देणार नाही, असं तिच्या तोंडावर सांगितलं. यादी दुसऱ्या दिवशी लागायची होती.

काका नुकतेच काळा चष्मा लावून कामावर येऊ लागले होते. त्यांनी दाखला डोळ्यांजवळ नेऊन वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे वळले. "मी काय सांगितलं होतं गं?"

ओरडले असते तर मी कदाचित खरं बोलून गेले असते. पण मला नोकरी जाण्याची भीती वाटली. "हेच सांगितलंत, काका," मी म्हणाले. "तुम्ही जरा गुंगीत होतात." ही गुंगी मी माझ्या पदरची घातली. त्याची लाज मला त्या शब्दापेक्षाही जास्त वाटते.

काकांनी दाखला टेबलावर ठेवला. मग उठून त्यांनी त्या एवढ्याशा पोरीपुढे हात जोडले. डॉक्टरांनी उन्हात फिरू नका म्हणून बजावलेलं असताना बसने नर्सिंगच्या शाळेत गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. "त्या बाई म्हणतात, पालकांनी दमदाटी केली की सगळेच क्लार्क शब्द फिरवतात. टाइप करणारीने येऊन चूक कबूल केली तर बघू." मी मान खाली घालून कार्बन लावत होते. "पण तू कशाला खोटं कबूल करशील? चूक माझी आहे," काका म्हणाले. तरीही मी कार्बनच लावत राहिले. दुसऱ्या दिवशी यादी लागली, तिचं नाव नव्हतं.

त्यानंतर काकांनी प्रत्येकाला 'गुड' दिलं. निवृत्त होईपर्यंत, नऊ वर्षं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता माझ्या जिभेचा भरवसा नाही."

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणीतरी मला प्रामाणिक म्हणालं. मला तिथे बसवेना. दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले. ते आता त्र्याऐंशीचे आहेत. त्यांना सगळं सांगितलं, कच्च्या कागदासकट.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी प्लकीच म्हणालो होतो?"

"हो, काका."

"चौतीस वर्षं मला वाटत होतं, ऑपरेशनने नजर आली आणि डोकं गेलं." त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. "तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय करतेस?"

नर्सिंगची जागा गेली त्याच वर्षी तिचे वडील शिडीवरून पडले आणि ती मेडिकलच्या दुकानात काउंटरला उभी राहिली. अजून तिथेच आहे, आमच्या कोपऱ्यावर. डॉक्टरांचं अक्षर तिच्याइतकं कुणाला लागत नाही. म्हाताऱ्या माणसांना कुठली गोळी कधी घ्यायची ते तीन-तीनदा समजावते. माझ्या बीपीच्या गोळ्याही तीच देते, गेली सहा वर्षं.

काकांकडून थेट तिथे गेले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "या ताई," ती म्हणाली, "गोळ्या संपल्या?"

चारच दिवसांपूर्वी नेल्या होत्या. मी हो म्हणाले. तिने एक स्ट्रिप पाकिटात घातली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बरं वाटत नाहीये का? बसा जरा, पाणी देते." मी तिथल्या स्टुलावर बसले, तिने दिलेलं पाणी प्यायले आणि घरी आले.