गोपिकेचा शब्द
हिंगणीची गोपिका भाजी विकते. गिऱ्हाईक वांग्याला हात लावायच्या आधीच ती ओळखते, हे घेणार की नुसतं चाचपून जाणार. पण पोटच्या पोरीपुढं, रोशनीपुढं, तिचं हे शहाणपण एकोणीस वर्षं पाण्यात गेलं. पोरगी नजरेला नजर देईना, थट्टा तिला समजेना, अन् टोपलीत खाली किडकी वांगी आहेत हे भर बाजारात सांगून मोकळी व्हायची. लोक म्हणत, वळण नाई लावलं. त्यापायी गोपिकेनं तिला मारलंही. खोटं कशाला बोला!

शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम असं नाव सांगितलं. त्यांनी गोपिकेला पिशवी खुर्चीवर ठेवून बाहेर जायला सांगितलं, अन् रोशनीदेखत ती पिशवी कपाटात टाकली. "आई आत आली की पिशवी कुठे शोधेल?"

"कपाटात," रोशनी म्हणाली. पिशवी तिथंच तर होती!

"ऑटिझम असलेल्या सगळ्यांचं असं नसतं, पण हिचं आहे," बाई नंतर गोपिकेला म्हणाल्या. "आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसेल, हे हिच्या मनात येत नाही. समोरचा मनात एक ठेवून तोंडानं दुसरं बोलतो, तेही हिला कळत नाही. हिला कोणीही फसवेल. जपा."

गोपिका एस.टी.त रडली. उगाच मारलं पोरीला, म्हणून रडली. पण माणसाला एखादी गोष्ट कळली की तो तिचा उपयोगही करतोच, मेला!

उन्हाळ्यात थोरल्या मुलाची, किशोरची, सोयरीक आली. मुलीकडचे घर पाहायला येणार होते. किशोर म्हणाला, "हिले पाहून सोयरीक मोडन, आई. वावरात धाड तिले."

गोपिकेनं रोशनीला शेतातल्या माळ्यावर, रानडुकरांपासून पीक राखायला बांधलेल्या मचाणावर, बसवलं. "इथंच बस. जेवाच्या टायमाले येतो मी न्याले."

पाहुणे रेंगाळले. जेवणं झाली, पान झालं, तारीखही निघाली. गोपिका वावरात पोचली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. रोशनी तिथंच बसलेली. तहानेनं ओठ फुटलेले, अन् दहा पावलांवर विहीर!

"आई, जेवाचा टाइम झाला काय?" तिनं विचारलं. रागावली नाही. रागावली असती तर गोपिकेला जरा तरी बरं वाटलं असतं.

लग्नाच्या तोंडावर किशोर पुन्हा आला. "चार दिवस आष्टीले मावशीकडे ठेव तिले. माह्यं आयकत नाई ती. तू सांगशीन तर ती राहीन."

"जीभ झडो तुही! सख्खी बहीण हाये ते!" गोपिका ओरडली. भांडली, जेवली नाही, रडली. अन् सकाळी रोशनीची वेणी घालून तिला आष्टीला घेऊन गेली.

मावशीच्या दारात म्हणाली, "उद्याच येतो मी न्याले."

"किती वाजता?" रोशनीनं विचारलं.

गोपिकेनं क्षणभर विचार केला. "आठ वाजता," ती म्हणाली.