रामामामांचा खडू

मंडळी, आज दुपारी रामनगरच्या आमच्या गॅरेजात जे झालं ते सांगतो.

गुंद गावच्या एका जीपचं मागचं क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी चक्रांची जोडी, गेलं होतं. जुन्या सामानातलं बसवायचं, पण दातांचं प्रमाण पुढच्या अ‍ॅक्सलशी जुळलं पाहिजे, नाहीतर फोर-बाय-फोर टाकून चारही चाकांना जोर दिला की परत तुटतं.

मोजायला रामामामा बसले. माझे गुरू. दोन्ही चाकं उचलून एक फिरवायचं. दुसरं त्याच बाजूला फिरलं तर डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना जोर वाटणारा गिअर, लिमिटेड स्लिपचा, उलटं फिरलं तर साधा, हे मला त्यांनीच शिकवलं. दात मोजताना पहिल्या दाताला खडू लावायचा आणि खूण परत आली की थांबायचं, हेही.

आज खूण आली, बोटाखालून गेली, आणि मामा मोजतच राहिले.

"मामा, लई दात हाईत की ओ," जीपवाला हसला.

"गप रे, चुकंल माझं."

खूण तिसऱ्यांदा आली. मी थांबवलं नाही. ते आकडा सांगून चहाला गेल्यावर मी गुपचूप मोजले, निम्म्याहून कमी निघाले; खरा आकडा लक्षात ठेवला आणि ते आल्यावर म्हणालो, "मामा, तुमचा आकडा बरोबर हाय."

मामांनी खडू माझ्या खिशात घातला.

"ह्येच्या फुडं तूच मोज."

खडू अजून खिशात आहे. खरं सांगायला हवं होतं का मी?