चष्मेवालीचा चौदावा प्रश्न

पिल्लांचा छप्पन्नावा दिवस उजाडला आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत नुसता गोंधळ माजला. पाचही पिल्लं एकाच वेळी भुकेजली होती आणि पाचांनाही चष्मेवालीच्या डाव्याच पायाची चप्पल हवी होती. आज ती आपापल्या नव्या घरी जायची होती. चष्मेवाली आनंदानं अशी भिरभिरत होती, जणू लग्नघर तिचंच. एकेक पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवायचं, गळ्यातल्या लोकरीचा रंग बघायचा, वजन मोठ्यानं सांगायचं, आणि टेबलाशी बसलेल्या नणंदेनं ते वहीत लिहायचं.

"हिरवी, दोन किलो तीनशे!"

"मघाशी तीस ग्रॅम कमी होती, वहिनी. काय चारलंस तिला?"

चष्मेवालीनं ऐकलंच नाही असं दाखवलं.

तळमजल्यावर तिचं चष्म्यांचं दुकान. नवरा गेल्यापासून ते ती एकटीनं चालवी, आणि कोर्टात आयुष्यभर कारकुनी केलेली थोरली नणंद तिच्याबरोबर राही. लांब कानांची कॉकर स्पॅनियल कुत्री हे चष्मेवालीचं वेड. दोन-तीन वर्षांतून एकदाच पिल्लं व्हायची, तीही आई-बापाचे डोळे नि कंबरेची हाडं डॉक्टरांनी तपासल्यावरच. या जातीत आंधळेपण आई-बापाकडून उतरू शकतं, म्हणून डोळ्यांच्या बाबतीत तर ती कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. पिल्लांना घाबरटपणा येऊ नये म्हणून रोज ती त्यांच्याजवळ मुद्दाम पातेल्यांची झाकणं पाडे. खालच्या गिऱ्हाइकांना वाटे, वर भांडण चाललंय.

पिल्लू निवडायचा हक्क कोणाला नव्हता. "चष्म्याची फ्रेम तुम्ही पसंत करा," ती म्हणे, "पण काचेचा नंबर मीच काढणार. आणि पिल्लाला फ्रेम नसते." घर बघून, सतरा प्रश्नांचा फॉर्म भरून घेऊन, कोणतं पिल्लू कुठं शोभेल ते तीच ठरवी.

दुपारपर्यंत चार पिल्लं गेली. लाल लोकरीचा दांडगोबा धावपटूच्या घरी, पांढरी लाजरी एका शिंपीणबाईकडे. राहिली हिरवी. तिचे डोळे उघडले त्या दिवशीच चष्मेवालीनं मनाशी पक्कं केलं होतं, ही माझी. हिच्याकडून पुढचा वंश.

नणंदेनं एक कोरा फॉर्म पुढं सरकवला.

"हे काय, वन्सं?"

"पाचव्या पिल्लाचा फॉर्म. भर."

"मी? माझ्याच घरात?"

"आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं का? भर मुकाट्यानं."

चष्मेवाली हसली आणि भराभर लिहीत सुटली. जागा, वेळ, डॉक्टर, खाणं... मग पेन अडकलं.

चौदावा प्रश्न तिनंच तयार केला होता: उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर कुत्रं कोण सांभाळील? त्या माणसानं स्वतः येऊन सही करावी.

"माझा मुलगा."

"तो सातासमुद्रापलीकडे. येतोय सहीला?"

"मग तुम्ही करा."

"मी पंचाहत्तरची, तू एकाहत्तरची. छान! परवा मी तासभर चष्मा शोधत होते, तो डोक्यावर होता." नणंदेचा आवाज थोडा खाली आला. "गेल्या खेपेला ह्याच रेघेपायी तू त्या सत्तरीच्या जोडप्याला रित्या हातानं परत पाठवलंस. आठवतंय? लोका सांगे ब्रह्मज्ञान..."

"पुरे!"

"रेघ रिकामी, तर यादीतलं पुढचं नाव. नियम तुझा. चार वाजता ड्रायव्हरबाई येतायत. मी फोन केलाय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

चारला जिना दणाणला. शहर बस चालवणारी बाई, पाळी संपवून थेट गणवेशातच. मागं धापा टाकणारी सासू, दोन मुली, आणि चौदाव्या रेघेवर सही करायला आणलेली तिची नणंदसुद्धा. दोन वर्षं ही मंडळी यादीत होती; घर आधीच बघून झालं होतं. चष्मेवालीनं हिरवीला मांडीवर घट्ट धरलं आणि ठरवलं, आज ह्यांना नापास करायचं.

"दिवसभर घरी कोण?"

"मी!" सासूबाई म्हणाल्या. "सून गावभर फिरते, नाती शाळेत. मी नि भिंती. भिंतींनाही आता माझ्या गोष्टी पाठ झाल्यात."

"कान रोज पुसावे लागतात. कंटाळा आला तर?"

धाकटीनं खिशातून चिठ्ठी काढली. त्यावर वार आणि पाळ्या लिहिल्या होत्या.

ड्रायव्हरबाईनं मात्र पिल्लाकडे हात नेलाच नाही. ती जमिनीवर बसली, बुटाची नाडी सैल सोडली आणि दुसरीकडे बघू लागली. हिरवी मांडीवरून घसरली, तुरुतुरु गेली आणि नाडीला लटकली. चष्मेवालीनं मनातल्या मनात एक कचकचीत शिवी हासडली. बाईला कुत्र्यांतलं कळत होतं!

मग ड्रायव्हरबाई फॉर्मला जोडलेल्या करारावर बोट ठेवून वाचू लागली. "'कुत्रं कधीही, कोणत्याही वयात सांभाळणं जमेनासं झालं तर विकू नये, सोडू नये. माझ्याकडे आणावं. मी घेईन.'" ती थांबली. "ही चौदा-पंधरा वर्षं जगेल ना?"

"नीट ठेवलीत तर."

"मग... रागावू नका हं, मावशी. परत आणायची वेळ आली आणि तुम्हीच नसलात तर? तुमच्यामागं कोणाची सही आहे?"

थोरल्या नणंदेचं पेन वहीवर तसंच राहिलं. एकतीस घरांत हाच कागद होता. एकतीस घरांना चष्मेवालीनं शब्द दिला होता, आणि सगळ्यांना विचारलेला प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता! तिची कानशिलं तापली. पण दुसऱ्याच क्षणी तिला असा काही हुरूप आला की ती ताडकन उठली.

"तुम्ही कराल का सही? माझ्यामागं?"

"मी? मी बस चालवते हो!"

"एकतीस कुत्री आली तर आम्ही झोपायचं कुठं?" सासूबाई किंचाळल्या.

"एकदम येत नाहीत. इतक्या वर्षांत तीनच परत आली."

ड्रायव्हरबाईनं करार घडी घालून टेबलावर ठेवला. "आज नाही करणार. जे येत नाही, त्यावर सही कशी करू? आधी मला शिकवा. दर रविवारी येते. हिच्या तपासण्या नीट निघाल्या तर हिची पिल्लं तुमच्या नजरेखाली होऊ देत. तेव्हा करते."

चष्मेवालीनं आपल्या नणंदेकडे पाहिलं. न वाचता सही करणारे वन्संनी कोर्टात शेकड्यांनी पाहिले होते. वाचून थांबणारी ही पहिलीच. चष्मेवालीनं हिरवीला उचललं, कपाळाला नाक लावून एकदा खोल वास घेतला आणि ड्रायव्हरबाईच्या हातात दिलं.

"रविवारी सात वाजता?" ड्रायव्हरबाईनं विचारलं.

"सहाला. नखं कापायची आहेत हिच्या आईची, तिथून सुरुवात."

वरात जिन्याकडे निघाली. चष्मेवाली कठड्यावरून ओरडली, "पायऱ्या उतरू देऊ नका तिला! उचलून न्या, सांधे कोवळे आहेत!"

"आणि माझे काय लोखंडाचे?" खालून सासूबाई ओरडल्या.