आत्याने तपासल्याशिवाय सुट्टी नाही

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा असेन, तर कवठे येमाईच्या हौसाआत्याचा. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती थोरली बहीण. पहिल्या फटक्यात कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा स्वभाव. चहा पुढे आला तरी आधी वास घ्यायची आणि मग करणारीच्या तोंडाकडे बघायची. माघारी सगळे तिला ‘फौजदारीण’ म्हणत. ते तिला माहीत होतं. कोण म्हणतं, तेवढंच ती शोधत असे.

नात्यातल्या कोणाला दवाखान्यातून सुट्टी मिळाली, की घरी आणायला आत्या हजर. गोळी जेवणाआधी की नंतर, हे ती डॉक्टरांना विचारी, मग सिस्टरला, मग औषधवाल्याला. तिघांचं जुळलं तरच पिशवी उचलायची. जखम कशी जपायची, काय झालं तर परत यायचं, हे सगळं पेशंटच्या बायकोकडून म्हणवून घ्यायची. ती नुसती मान हलवायला लागली की म्हणायची, “व्हय व्हय करू नगं. सांग.”

पण तिचा खरा संशय पेशंटवर असे. तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं. “दुखणाईत मेंढरू लंगडत न्हाई,” ती सांगे. “मागं ऱ्हायलं तर लांडगा धरंल, म्हणून कळपाबरोबर पाय टाकतं. मानसाचं तसंच हाय.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शिरूरला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. परीक्षा तोंडावर आली आणि दौंडच्या दवाखान्यात आबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मी उशाशी बसून होतो. आबा रोज डॉक्टरांना म्हणायचे, “मला कायबी होत न्हाई, सोडा.” शेवटी सुट्टी मिळाली. दुसऱ्या दिवशी माझा पहिला पेपर होता. वडगाव रासाईला, आमच्या गावी, न्यायला जीप खाली येऊन थांबली. आबा धोतर-टोपी घालून हसत बसले होते.

आत्या दारातच थबकली. “धोतर कुणी नेसवलं?”

“मीच नेसलो की.”

“मग सोड, आन् पुन्यांदा नेस.”

“आक्के, येडी का खुळी तू? जीपवाला खोळंबलाय.”

“खोळंबू दे. मी भिताडाकडं तोंड करते.”

ती खरंच भिंतीकडे वळली. आबा उठले. निऱ्या कशाबशा झाल्या, पण कासोटा खोचायला हात मागे वळवला आणि त्यांनी ओठ दाबून धरले. तोंडातून आवाज येऊ दिला नाही. आत्या न वळताच म्हणाली, “श्वास का थांबला रं?”

तिने बोलावून आणलेल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली. टाक्यांखाली पू धरला होता. “सकाळी विचारलं तेव्हा दुखत नाही म्हणालात!” ते चिडले.

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोराचा पेपर हाय उद्या. मी हितं असलो तर ते हालत न्हाई.”

मला रडू फुटलं. परीक्षा पुढच्या वर्षी देतो, म्हणालो. तर आत्याची नजर माझ्यावर.

“अभ्यास झाला न्हाई वाटतं? बापाच्या पोटाचं निमित्त बरं गावलं! जा गुमान. मी बसते हितं.”

आबांसाठी आलेल्या जीपमधून मी शिरूरला गेलो.

शेवटचा पेपर देऊन परतलो, त्यानंतरच आबांना सुट्टी मिळाली. त्यांनी पुन्हा धोतर सोडून नेसलं, आत्याने भिंतीकडे तोंड करून ऐकलं आणि मगच पिशवी उचलली. जीपमध्ये ती ड्रायव्हरशेजारी बसली आणि घर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याआधी त्याच्यावर ओरडली.

मी पास झालो, नोकरी लागली आणि नाशिकला आलो. तिथून आत्याला पाठवलेलं पत्र हे. तिची नात ते तिला वाचून दाखवणार होती.

‘तीर्थरूप हौसाआत्यास साष्टांग नमस्कार. खोली चांगली आहे, जेवण चांगलं आहे, मी मजेत आहे, असं आई-आबांना कालच लिहिलं. तू ते पत्र मागून घेशील आणि वाचायला लावशील, हे ठाऊक आहे. म्हणून तुला खरं लिहितो. ऑफिसात माझ्याशी कोणी बोलत नाही. जेवण जात नाही. घरची फार आठवण येते. आबांना सांगू नकोस. जमलं तर एकदा येऊन बघून जा.’